बाळदेवाने खाल्लेली गोडी

"वाळू! अगं आई गं, वाळू झाली!"

देवळाच्या अंगणात सत्तरीचा म्हातारा आ-कुन गुडघ्यांवर बसून ओरडत होता. ओठांवर गुलाबी साखर, हनुवटीवर लाळ, डोळ्यांत पाणी. मागे तीनशे माणसं रेटारेटी करत होती. ढोल असा बडवत होते की छातीचा पिंजरा हलत होता, आणि फटाक्यांच्या धुरात पुढच्याचं डोकं दिसेना.

मधोमध उघड्या अंगाने नाचत होता आ-सिओंग. तो आमच्या गावचा तांगकी, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो. वय सत्तेचाळीस, पोट मडक्याएवढं, धंदा डुकरं कापायचा. आणि अंगात कोण यावं? तर आमचा बाळदेव, तिसरा राजपुत्र. देवांमधलं लहान पोर, म्हणून त्याला नैवेद्य गोळ्या-मिठायांचा. त्यामुळे हा खाटीक तोंडात तान्ह्याची चोखणी घालून, पोटावर लाल लंगोटासारखा पट्टा बांधून बोबडं बोलत होता.

"मी लाजपुत्ल! मला थाऊ द्या! गोली द्या!"

आणि असं लाडात बोलता बोलता सप्पकन् तलवार स्वतःच्या पाठीवर ओढायचा. सप्प, सप्प. मग खिळ्यांचा गोळा दोरीने गरगर फिरवून खांद्यावर आपटायचा. कपाळावर पात्याची धार टेकवून वरून मूठ मारायचा. रक्त भुवयांवरून वाहत चोखणीपर्यंत यायचं आणि हा ते चोखत हसायचा. शेजारचा माणूस तोंडात तांदळाची दारू भरून त्याच्या पाठीवर फवारायचा, की सगळी पाठ लालभडक. पुढच्या रांगेतल्या बायका तोंड फिरवायच्या आणि बोटांच्या फटीतून बघायच्या.

मीही बघत होते. माझं नाव बोंगची. आमच्या बोलीत त्याचा अर्थ, 'आता झालीच आहे तर वाढवा'. चौथी मुलगी झाल्यावर बापाने ठेवलं. त्या बापाच्या घरी साखर वर्षातून एकदा दिसायची. म्हणून माझा संसार झाला, शिंगाड्याची दोन तळी आली, तेव्हा मी साखर मुठीने ओतली. माशाच्या रश्शात साखर, शेवयांत साखर, टोमॅटोवर साखर. आमच्या तैवानात, ताइनानकडे, कुणाचं कालवण गोडाला कमी पडलं की पाहुणा विचारतो, "का हो, साखर कारखाना लांब पडतो वाटतं तुम्हाला?" माझ्या घरी असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. आणि या मुठींवर वाढला माझा एकुलता एक, आ-हॉक. पस्तिसाव्या वर्षी त्याला मधुमेह लागला. आता तो बेचाळीसचा. सकाळ-संध्याकाळ पोटात इन्सुलिनची सुई, आणि दुपारी चार वाजले की स्कूटर दुरुस्तीचं दुकान सोडून घरात येऊन डबे हुंगत फिरायचा.

त्याला त्या दिवशी रांगेत उभा करणारी मीच. दुसऱ्या कुणावर ढकलायचं असतं तर ही गोष्ट लिहिलीच नसती.

मधुमेहवाल्यांसाठीचा तो चमत्कार असा होता. तांगकी पिवळ्या कागदावर रक्ताने काहीबाही गिरबटायचा, कागद पेटवून राख एका वाडग्यातल्या पाण्यात टाकायचा. ते पाणी तोंडात घ्यायचं आणि तो पन्नास मोजेपर्यंत गिळायचं नाही. मग देवापुढच्या गुलाबी साखरेच्या मनोऱ्याचा तुकडा खायचा. खाल्ला की खरंच वाळू! गोडीचा पत्ताच नाही, नुसती कचकच.

"गोडी माजी, वालू तुमची!" तांगकी टाळ्या पिटायचा. "मी गोड गोड थाल्लं. आता ही साथल कितीपण था! लोग येनाल नाही!"

आता हे आमच्या लोकांना का पटलं ते सांगते. आमच्याकडे नैवेद्य दाखवला की देव त्यातला अर्क खातो आणि उरलेला चोथा आपण खातो, असं मानतात. नैवेद्याची कोंबडी चवीला पडते, हे मला आजीने सांगितलं, मी सुनेला सांगितलं. दोन तास उन्हात उघडी ठेवलेली कोंबडी चवीला पडणार नाही तर काय चढणार, हे साठ वर्षांत एकीनेही विचारलं नाही. तर देव कोंबडीचा अर्क खातो, मग साखरेची गोडी का खाणार नाही? बरं, देवही पोर. पोरांना गोड आवडतंच. सगळं कसं चपखल बसलं.

आ-हॉकने पाणी तोंडात धरलं, पन्नास अंक झाले, तुकडा चावला आणि ढसाढसा रडला. "आई, काहीच लागत नाही गं! नुसती वाळू!"

"पाय काढ!" तांगकी किंचाळला.

आ-हॉकने उजव्या पायातला बूट काढला. तांगकीने खिळ्यांचा गोळा उचलला आणि दाणकन् पायावर हाणला. अंगठ्याशेजारी खिळा घुसला. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. पोरगा मात्र ढिम्म! रक्त आलं आणि हा आपला पायाकडे दुसऱ्याचा असल्यासारखा बघतोय.

"दुखतं?"

"नाही!"

परत हाणला. "आता?"

"नाही! राजपुत्रा, खरंच नाही!"

"दुथनं पन मी थाल्लं!"

अंगण जयजयकाराने नुसतं दुमदुमलं. ग्वेत नावाची एक बाई आहे, तांगकीची चुलत बहीण. साखरेचे ते मनोरे ओतायचा कारखाना तिचाच. ती माझ्या गळ्यात पडली. "बोंगचीताई, तुझ्या पोराला देवाने पदरात घेतलं गं!" मी तिच्याकडून एक मोठा मनोरा घेतला, राखेच्या पाण्याची बाटली घेतली. घरी जाताना आ-हॉकने सुयांची पेटी माझ्या तळ्यात भिरकावली. पेटी बुडताना बुडबुडे आले, त्यालाही मी हात जोडले.

संध्याकाळी सून कामावरून आली. सू-चिन नाव तिचं, मासे डबाबंद करायच्या कारखान्यात जाते, तोंडाने कमी आणि डोळ्यांनी जास्त बोलते. तिने नवऱ्याचा पाय मांडीवर घेतला, छिद्रं बघितली.

"कुणी केलं?"

"देवाने," आ-हॉक म्हणाला. "आणि दुखलं नाही. कळलं का?"

"चार वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? पाय रोज बघा, याला काटा बोचला तरी कळणार नाही. साखरेने नसा मारल्यात. सासूबाई, तुम्ही होतात की तिथे!"

होते. पण आठवणीत ठेवायचं ते माणूस ठेवतो. मी म्हटलं, "तू चार बुकं शिकलीस म्हणून देवाला शिकवणार?"

तिने मनोरा उचलला आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. आ-हॉकने तिचा दंड धरला आणि मुस्काटात दिली. अशी दिली की ती भांड्यांच्या मांडणीवर आदळली आणि तिच्या ओठातून रक्त आलं. सतरा वर्षांत त्याने हात उचलला नव्हता. मी चुलीवरचा पळा उचलून त्याच्या खांद्यावर घातला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पळ्याचा दांडा वाकला. तो ओरडला, "मार! मला लागतच नाही!" आणि रडत मनोऱ्याचा गुलाबी कळस तोडून तोंडात कोंबला. सू-चिन ओठावर बाही धरून माझ्याकडे बघत राहिली. मी नजर खाली घातली, पण मनोरा फेकला नाही. हे माझं दुसरं पाप.

तीन आठवडे गेले. रोज पाणी, रोज साखर. आ-हॉक बादलीभर पाणी प्यायचा आणि तेवढंच बाहेर टाकायचा. विजार कमरेवरून घसरायला लागली. ग्वेत म्हणाली, "बघ, कसा सडपातळ झाला!" अंगठा आधी लाल झाला, मग जांभळा झाला, मग नखाशी काळी रेघ आली. खोलीत शिरलं की कुजलेल्या शिंगाड्यासारखा वास यायचा. त्याला स्वतःला ना वास कळे ना दुखे. सू-चिन दवाखान्याचं नाव काढायची, की तो हाताला लागेल ते फेकायचा. एकदा पाना फेकला. तो तिच्या कानाजवळून जाऊन भिंतीत खळगा पाडून गेला.

मग एका सकाळी मी मनोऱ्यावरचं फडकं उचललं तर मुंग्या. साध्यासुध्या नव्हे, दाराच्या फटीतून फळीपर्यंत काळा दोर.

मी म्हटलं, अगं बायांनो, गोडी तर देवाने खाल्ली ना? मग तुम्ही काय वाळू वाहून नेताय?

मनात शंकेचा खडा पडला तो पडलाच. न्हाणीघरात गेले. आ-हॉकच्या खाटेखालचं भांडं सू-चिनने तिथे ओतायला ठेवलं होतं. भांड्याच्या काठाला मुंग्या, आत बुडालेल्या मुंग्या, दुसऱ्या भिंतीवरून येणाऱ्या मुंग्या. माझ्या पोराच्या लघवीला मुंग्या लागल्या होत्या.

तिथेच ओल्या फरशीवर बसले. मला शाळा दोनच वर्षं. पण साखर फळीवर असताना मुंगीला गोड लागते आणि माझ्या पोराच्या अंगातून बाहेर पडल्यावरही गोड लागते, तर मधल्या वाटेवर देवाने खाल्लं काय? काहीच नाही. सगळी गोडी जशीच्या तशी आत गेली आणि पोराला आतून सडवून बाहेर आली.

मग वाळू कुठून आली?

मी बाटलीतलं राखेचं पाणी वाटीत घेतलं, तोंडात धरलं, पन्नास मोजले. कडसर, गवताळ. मग देवाची साखर चाखली: वाळू. मग स्वयंपाकघरातल्या डब्यातली साखर चाखली. तिला कुठल्या देवाचं दर्शन झालेलं नाही, वाण्याकडून थेट माझ्या डब्यात. तीही वाळू! पेरूची फोड: नुसती आंबट. मीठ चाटलं: खारट. मिरची: जीभ पेटली. म्हणजे साखर बदललीच नव्हती. माझी जीभ बदलली होती, तीही फक्त गोडापुरती.

घड्याळ बघत बसले. पाऊण तासाने तोच देवाचा तुकडा परत चाखला. गोड! राजपुत्राला खाल्लेली गोडी उलटून पडली म्हणायची!

आणि मग आठवलं. नऊ वर्षांची होते, ऊसतोडीला जायचे. मुकादमाच्या पोराने एका वेलाचं पान चघळायला लावलं आणि वर उसाची कांडी दिली. लाकूड चावल्यासारखी लागली. मी रडले आणि तो लोळून लोळून हसला. गुडमारीचं पान होतं ते. बांधाबांधावर उगवतं. तास-पाऊण तास जिभेची गोडी मारतं, बाकी चवींना हात लावत नाही.

भरदुपारी देवळामागे गेले. कुंपणावर गुडमारीचा वेल होता, पानं ओरबाडलेली. शेडमध्ये पातेलं, पातेल्यात उकळलेल्या पानांचा चोथा. राख कशाला घालतात तेही कळलं: पाण्याचा हिरवा रंग झाकायला. मी पोतंभर पानं तोडली.

घरी आले तर घर रिकामं. शेजारीण म्हणाली, "तुझ्या पोराला ग्वेतबाई गाडीत घालून घेऊन गेली. आज मोठा सोहळा. गोड भूत म्हणे अंगठ्यात येऊन बसलंय. तांगकी तलवारीने अंगठा उडवणार. सू-चिन आडवी आली तर तिला ढकलून दिलं. तीही मागून धावत गेली."

मी मोठ्या किटलीत पानं उकळली. पाणी उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ कधी संपत नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. उकळलं तशी किटली, वाण्याची साखरेची पुडी आणि शिंगाडे काढायच्या डोणीचं वल्हं स्कूटरवर घातलं आणि निघाले. अडुसष्टाव्या वर्षी मी तो रस्ता कसा कापला ते माझं मलाच माहीत.

अंगणात पाऊल ठेवलं तर आ-हॉक चौरंगावर बसलेला, पाय लाकडाच्या ओंडक्यावर. अंगठा काळाठिक्कर, शेजारचं बोट निळं. दोघांनी त्याचे खांदे धरलेले. सू-चिनला दोन बायकांनी खांबाशी दाबून धरलं होतं आणि तिचा आवाज घोगरा झाला होता. तांगकी रक्ताने माखलेला, चोखणी चघळत, तलवार उगारून गोल फिरत होता.

"भूत! भूत! मी भुताचं मुंडकं उलवनाल!"

"थांब रे खाटका!" मी ओरडले.

ढोल अडखळला. ग्वेत पुढे झाली. "बोंगचीताई, अंगात देव आहे, जपून बोल!"

"देवाशीच बोलायला आले. पण आधी तू इकडे ये. घसा कोरडा झाला असेल पोरं पळवून पळवून. चहा घे." मी किटलीतून पेला भरला. "पन्नास मोजेपर्यंत तोंडात धर. तुमच्याकडचीच रीत."

एवढ्या लोकांसमोर नाही कशी म्हणणार? तिने धरलं. मी मोठ्याने पन्नास मोजले. गिळल्यावर वाण्याची पुडी सगळ्यांसमोर फोडली आणि चिमूट तिच्या जिभेवर ठेवली. ग्वेतचं तोंड असं झालं की मागच्या रांगेलाही उत्तर कळलं.

"बोल! काय लागतं?"

ग्वेतने जीभ बाहीला पुसली.

"आ-कुनभाऊ, तुम्ही या." म्हाताऱ्यानेही घेतलं, चाखलं आणि डोळे विस्फारले. "वाळू! बोंगची, हीपण वाळू!"

"ना कागद, ना राख, ना रक्त. मग हा कोणता देव? माझ्या किटलीत बसलाय? हे गुडमारीचं पाणी आहे, भाऊ. आपण ऊसतोडीला जायचो, आठवतं? साखर तशीच्या तशी आहे, फक्त आपली जीभ झोपते. तुम्ही महिनाभर वाळू म्हणून जी खाल्लीत ती साखर होती, अख्खीच्या अख्खी! पोरगा माझा त्याने सडलाय!"

"भूत तिच्यापन अंगात!" तांगकी चोखणी थुंकून किंचाळला. "देवाचा अपमान!"

"देव आहेस ना?" मी देवळाच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी त्याच्यापुढे आपटली. "साखरेची वाळू करतोस, तर या मिठाची कर. तुझंच पाणी पाज, तुझाच कागद जाळ. हे मीठ अळणी करून दाखव. माझ्या पोराचा अंगठाच काय, मी माझी मान देते त्या ओंडक्यावर."

कुणीतरी मागून म्हणालं, "कर की रे. पोर आहेस, खारं पण खात असशील!" कुणीतरी फिस्कन् हसलं.

त्या हसण्याने तो पेटला. बोबडेपणा क्षणात गेला आणि आतला खाटीक बाहेर आला. "म्हातारे, तुझं नरडंच कापतो!" म्हणत तलवार घेऊन माझ्यावर आला. पहिला वार वल्ह्यावर बसला, लाकडाची ढलपी उडाली. दुसरा माझ्या दंडाला चाटून गेला. मग मी वल्हं फिरवलं. चाळीस वर्षं तळ्यात डोणी वल्हवल्या आहेत मी. पहिला फटका त्याच्या मनगटावर बसला, कट्कन् आवाज झाला आणि तलवार फरशीवर खणखणत गेली. दुसरा गुडघ्यावर. तो कोसळला तसा देव, भूत, राजपुत्र सगळे निघून गेले आणि "आई गं, मेलो!" म्हणणारा एक जाड माणूस उरला. त्याचं दुखणं खायला काही कुणी आलं नाही.

सू-चिनने हात सोडवून घेतले होते. ती धावत आली. मला वाटलं नवऱ्याकडे जाईल. तिने आधी आग विझवायला ठेवलेली पाण्याची बादली उचलली आणि तांगकीच्या अंगावर ओतली.

ओंजळी ओंजळीने वाहणारं ते रक्त एका बादलीत धुऊन गेलं. पाठीवर राहिल्या मांजरीने ओरबाडल्यासारख्या पाच-सहा रेघा, कपाळावर एक टिचभर चीर. कपाळाची कातडी पातळ, न्हाव्याचा वस्तरा चुकला तरी चेहरा भरतो. त्यावर दारू फवारली की थेंबाचा ओहोळ दिसतो. कुठे किती खोल कापायचं, हे जन्मभर डुकरं सोलणाऱ्याला शिकवायला देव कशाला?

मग लोक त्याच्यावर तुटून पडले. महिनाभर साखर खाल्लेले सगळेच मधुमेही. कुणी चपला मारल्या, कुणी साखरेचे मनोरे त्याच्या डोक्यावर फोडले. ग्वेतला केस धरून ओढली. मी खरं सांगते, मला ते बघून बरं वाटलं. आणि मग आ-कुनभाऊ तेवढ्याच जोरात लाथ घालताना दिसले, जेवढ्या जोरात त्यांनी त्याला नमस्कार घातले होते, तेव्हा बरं वाटणं थांबलं. मीच ओरडले, "पुरे! त्याला पोलिसांकडे द्या आणि तुम्ही दवाखान्यात चला. मारून साखर उतरत नाही!"

आ-हॉक अजून चौरंगावर होता. ओंडक्यावरच्या स्वतःच्या पायाकडे बघत होता. पहिल्यांदाच तो त्याचा वाटत होता.

"आई," तो म्हणाला, "मला वास येतोय."

मोठ्या दवाखान्यात त्याची दोन बोटं कापली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी चार दिवस उशीर झाला असता तर गुडघ्यापासून गेला असता." मला त्यांनी बोल लावला नाही, हे जास्त लागलं. मी विचारलं, "हे पान जर गोडी मारतं तर त्याचा काही उपयोग?" त्या म्हणाल्या, "तुमची जीभ पानाने फसेल, आजी. रक्त फसत नाही." आणि माझ्याच बोटाला सुई टोचून यंत्रावरचा आकडा दाखवला. माझीही साखर वाढलेली होती. त्याबद्दल नंतर कधीतरी.

घरी आल्यावर पहिल्यांदा मी साखरेचा डबा रिकामा केला. मग खरी लढाई दुपारी चारची. जखम भरायला लागली तसा आ-हॉक चार वाजता पुन्हा डबे हुंगायला लागला. "काहीतरी दे!" म्हणून टेबलावर मूठ आपटायचा. सू-चिनशी अजून धड बोलत नव्हता. बोलायचं तोंडच उरलं नव्हतं त्याला. मी त्याच्यापुढे मिठात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या. त्याने वाडगा भिंतीवर फेकला. दुसऱ्या दिवशी परत ठेवल्या, परत फेकल्या. तिसऱ्या दिवशी सू-चिनने वाडगा त्याच्या पुढ्यात आदळला आणि म्हणाली, "फेक. पण या वेळी तू उचलायच्यास. एका पायावर." त्याने एक शेंग सोलली.

मग हळूहळू बसत गेलं. कधी चहात शिजवलेलं अंडं, कधी भाजलेलं काळं सोयाबीन, खायला वेळ लागेल असं. तांगकीच्या त्या वाळूत आणि या खाण्यात फरक इतकाच, की सोलायला हात लागतात, चावायला दात लागतात, आणि पोट भरलं की हात आपोआप थांबतो. आमच्या तळ्यातले शिंगाडेही देते, पण मूठभरच, पिठूळ असतात ते. सोयाबीनचं दूध बिनसाखरेचं प्यायला लावलं तेव्हा तो म्हणाला, "साखर कारखाना लांब गेला वाटतं?" मी म्हटलं, "हो. तुझी दोन बोटं घेऊन गेला."

सू-चिनची त्याने माफी मागितली का, ते मी विचारलं नाही. भिंतीतला तो पान्याचा खळगा मात्र त्याने स्वतः बुजवला.

तांगकी तुरुंगात आहे. पण मला भीती त्याची नाही. तो सुटेल नाहीतर दुसरा येईल, चोखणी नसेल तर दाढी असेल, राख नसेल तर गोळी असेल. भीती वाटते माझ्यासारख्या आयांची. मी आजही बाळदेवापुढे उदबत्ती लावते, त्याच्यावर माझा राग नाही. त्याने कधी म्हटलं नव्हतं की बोंगची, पोराच्या सुया तळ्यात टाक. ते माणूस बोलला, माणसानेच ऐकलं. तेव्हा बायांनो, भावांनो, जो कुणी म्हणेल की तुम्ही मनाला येईल ते खा, भोग मी भोगतो, त्याच्या हातात आधी मिठाची बरणी द्या. त्याची वस्तू घरी आणा, त्याच्या ढोलापासून लांब, आणि स्वतः करून बघा: त्याची आणि वाण्याची, तेव्हाची आणि तासाने. यंत्रावरचा आकडा बघा. मला दोन वर्षं शाळा पुरली, तुम्हालाही पुरेल. आणि दुखत नाही म्हणून कुणी नाचायला लागलं तर आधी पाय बघा.

काल चार वाजता आ-हॉक काठी टेकत आला. मी पेरूच्या फोडी केल्या होत्या, त्यावर काही नाही, चिमूटभर मीठ. साखर बंद होऊन त्याला आता तीन महिने होत आलेत. त्याने एक फोड चावली आणि थांबला. संशयाने माझ्याकडे बघितलं.

"आई, खरं सांग. साखर लावलीस ना?"

"का?"

"गोड आहे. एवढा गोड पेरू असतो?"

मी सुरी पुसून ठेवली. "माझ्यावर नको विश्वास ठेवू," म्हटलं. "तुझीच जीभ आहे. तासाने परत चाखून बघ."

तो खरंच घड्याळाकडे बघत बसला.